गॅस बंद झाला आणि मी गुपचूप हीटर आणला

मी एवढंच ठरवलं होतं की माझ्या कामाच्या खोलीत एक छोटासा विजेचा हीटर ठेवायचा. बायकोला सांगायचं नाही, एवढाच काय तो गुन्हा.

कारण बायकोने, रेन्स्केने, त्याच आठवड्यात घरातला गॅस कायमचा बंद केला होता. खालच्या जमिनीतून गॅस उपसून उपसून नेदरलँड्सच्या उत्तरेतल्या आमच्या अर्ध्या ग्रोनिंगन प्रांतात घरांच्या भिंतींना तडे गेलेत, आमच्याही. तिने आधी छत आणि भिंती थंडी शिरणार नाही अशा करून घेतल्या, तीन ठिकाणचे भाव काढले आणि अंगणात हीट पंप बसवला. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून घरात आणणारं यंत्र. सरकारी अनुदानही मिळवलं (आधी खर्च करा, मग आमच्याकडे मागा, असा सरकारचा खाक्या).

मी म्हटलं, "शेगडीपुरता तरी गॅस राहू दे. वाटाण्याच्या सुपाला विजेवर चव येत नाही."

"सूप वर्षातून किती वेळा करतोस?"

"दोनदा."

"आणि मीटरचं भाडं बारा महिने भरायचं? भलतंच महाग सूप आहे, बेरेंड."

अशा बाईपुढे कोण टिकणार? (तिच्या या डोक्यावर भाळूनच मी लग्न केलं.) पण यंत्रावर माझा भरवसा नव्हता. जुना गॅसचा बॉयलर असताना खोलीतल्या रेडिएटरला, म्हणजे गरम पाणी खेळवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, हात लावला की चटका बसायचा, पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. आता तो विसरलेल्या कॉफीसारखा कोमट. म्हणून तो हीटर, टेबलाखाली, खोक्याआड.

माझ्या खोलीत उन्हाळा सुरू झाला. बाकीचं घर मात्र दुसऱ्याच दिवशी गारठलं. नेमक्या तेव्हा सासूबाई आलेल्या. आपल्याही घरी हीट पंप घ्यावा का, ते बघायला. त्या कोट घालून जेवल्या. मी आवाजात शक्य तितकं दुःख आणून म्हणालो, "मी सांगितलंच होतं."

रेन्स्केने कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. त्याला तुमचं घर सव्वीस अंशांवर दिसतंय, म्हणून ते स्वस्थ बसलंय."

"खोटं बोलतंय ते," मी म्हणालो.

तेवढ्यात सासूबाई ऊब शोधत माझ्या खोलीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. रेन्स्के बघायला गेली, तर त्या कोट काढून, पाय टेबलाखाली पसरून बसलेल्या.

"अगं, इथे छान आहे. खाली काहीतरी गरम गरम आहे."

रेन्स्केने खोका सरकवला. मग वर, भिंतीकडे पाहिलं. हीटरच्या बरोबर डोक्यावर थर्मोस्टॅट होता, घर किती गरम आहे ते मोजून यंत्राला कळवणारा. तो माझ्याच खोलीत हवा, हा हट्टही माझाच.

"यंत्राला वाटतंय," ती शांतपणे म्हणाली, "की अख्खं घर तुझ्याएवढं सुखात आहे."

हीटर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये अनवाणी उभा होतो आणि पाय गार पडत नव्हते. जिन्यातसुद्धा तीच मंद, सारखी ऊब. बॉयलरला हे कधी जमलं नव्हतं. महिन्याचं बिलही गॅसपेक्षा कमी आलं. मी रेन्स्केला तसं सांगितलं, आणि मनापासून सांगितलं.

सासूबाईंचाही निर्णय झाला. कंपनीच्या माणसाने फोनवर त्यांना सगळं विचारून घेतलं: अंगणात जागा आहे का, भिंती कशा आहेत, घरात ऊब देणारं दुसरं काही आहे का.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "एक जावई येतो अधूनमधून. त्याची पिशवी आम्ही दारातच तपासून घेऊ."