रुसव्याचा शामियाना

लग्नात वरपक्षाकडचं कोणीतरी रुसतं आणि लग्न खोळंबतं, ही सर्वमान्य बाब आहे. रामाकोन्याच्या नत्थूजींच्या थोरलीच्या लग्नात नवरदेवाच्या फुफाजींना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, अंघोळीला कढत पाण्याऐवजी कोमट पाणी मिळालं. ते निंबाखाली जाऊन बसले नि मुहूर्त टळला. थोरली अजून सासरी त्याचे टोमणे खाते. धाकट्या मालतीच्या नशिबी ते येऊ नयेत, एवढंच नत्थूजींचं मागणं. म्हणून त्यांनी सौंसरचे केशवराव मंडपवाले गाठले.

केशवराव आता नुसते मंडप घालत नसत. सत्त्याऐंशी साल होतं, लग्नात व्हिडिओ आला होता, धंद्यात चढाओढ होती. त्यांनी 'संपूर्ण कार्य-नियोजन' सुरू केलं होतं.

"लग्न रुसण्यानं नाही बिघडत, नत्थूजी," ते गंभीरपणे म्हणाले. "बिनानियोजनाच्या रुसण्यानं बिघडते. आपण रुसव्याची सोयच करून टाकू."

"म्हणजे लोकायले रुसवाचं?"

"रीतसर! आधीच रुसून घेतीन, मुहूर्ताले मोकळे."

मंडपाशेजारी शामियाना लागला. आत गाद्या, मठ्ठा, पान. समजूत काढायला कवडू आणि हिरामण हे दोन अधिकृत मनधरणी कर्मचारी.

पांढुर्ण्याचं वऱ्हाड उतरताच लाउडस्पीकर बोलला, "नवरदेवाच्या फुफाजींनी रुसण्यासाठी उजवीकडे यावं, ही विनंती." रामाजी फुफाजींच्या मनात तसं काही नव्हतं. पण मठ्ठा पाहून आपला अपमान झाल्याचं त्यांना हळूहळू आठवू लागलं.

तोच नवरदेवाची आई कलाबाई कडाडली, "फुफाजीले आवाज दिला, मले काहून नाही? मी पोराची माय नोहो काय?"

रुसायला न बोलावल्याबद्दलचा रुसवा नियमात नव्हता. केशवरावांनी पोटनियम केला. मग काका आले, मामा आले, मावसजावई आले. शामियाना पुरेना, तेव्हा मुख्य मंडपाचं कापड सोडून तिकडे बांधलं. उन्हात उघडे पडलेले बाकीचे पाहुणे रास्त कारणानं रुसले.

"साऱ्यायले पुसून राहिलो, मले कोणी पाणी पुसलं?" म्हणत कवडू बसला. त्याला उठवायला गेलेला हिरामण तिथंच टेकला. बँडवालेही शामियान्यात गेले. भटजींनी पोथी मिटली. नत्थूजी धावत केशवरावांकडे गेले, तर तेही पाठ फिरवून बसलेले. "एवढं करून राहिलो, कोणी नाव तरी घेतलं?"

मुहूर्त आला. भर उन्हात नवरदेव, मालती, नत्थूजी आणि त्यांची बायको शकुबाई. नत्थूजींना रडू फुटलं.

"बाबा, असा मोका पुन्हा नाही येत," मालती म्हणाली. "लावा लगन!"

शकुबाईंनी येत होती तेवढी मंगलाष्टकं म्हटली आणि त्या पंचक्रोशीत बहुधा प्रथमच लग्न मुहूर्तावर लागलं. टाळ्या ऐकून अख्खा शामियाना उठला, "आमच्याबिगर लावलं?" असं गरजला आणि पुन्हा बसला.

मालतीला सासरी एकही टोमणा ऐकावा लागला नाही. टोमणा मारायचा तर आधी बोलावं लागतं, आणि तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं. नत्थूजींचं मागणं पुरं झालं. केशवरावांना पुढच्या हंगामात श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! आमच्याकडे बुवा असं नसतं. नसेलच. पण एवढं लग्न लागलं, जेवणं झाली, आणि तुम्हाला साधी पत्रिकासुद्धा कोणी दिली नव्हती, हे आत्ता लक्षात आलं ना?

या, बसा. जरा सरकून घेतील.