घड्याळ पुढे गेल्याचा अहवाल

विज्ञानाची प्रगती व्हावी, असं सगळ्यांनाच वाटतं. ती प्रयोगशाळेतच व्हावी, असा मात्र कुणाचा हट्ट नसतो. आणि ते योग्यच आहे, कारण प्रयोगशाळेत वस्तू फुटतात. हे ज्या महाविद्यालयाला वेळीच उमगलं, त्याने 'होतकरू विज्ञान-विद्वान शिष्यवृत्ती योजना' काढली आणि दरवर्षी बारा विद्वान निवडून त्यांना फुटण्यासारख्या सर्व वस्तूंपासून लांब ठेवलं.

यंदाच्या बारांत एका घड्याळजींची थोरली मुलगी होती. अर्जात 'आपणांस विज्ञानातील कोणता प्रश्न छळतो?' असा रकाना होता. बाकीच्या अकरा जणांनी 'मानवजातीचे कल्याण' असं लिहिलं. हिने लिहिलं, 'उन्हाळ्यात आमच्या दुकानातली लंबकाची घड्याळं मागे का पडतात?' हा प्रश्न तिच्या डोक्यात ती सात वर्षांची असल्यापासून होता. बाबांना विचारलं की ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "गिऱ्हाईक चावी द्यायला विसरतं, दुसरं काय!" दुकानातल्या घड्याळांना चावी गिऱ्हाईक नव्हे, तुम्हीच देता, असं तिने दाखवून दिलं की म्हणायचे, "जा, अभ्यास कर." तर ती अभ्यास करायला आली होती. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी टिकली तर शिक्षण पुढे. नाहीतर दुकानात बाबांच्या शेजारचं स्टूल रिकामंच होतं.

निवड झाल्याचं कळताच आत्याने फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं, "किती मिळतात गं?" समोरच्या शिंप्याने तेच विचारलं, डॉक्टरच्या कंपाउंडरनेही तेच. (एकूण विचारणारे सदतीस. एकूण प्रश्न एक.)

पहिल्या दिवशी दोन पुस्तिका मिळाल्या. योजनेकडून विद्वानांनी काय अपेक्षा ठेवावी, ती चार पानी; विद्वानांकडून योजनेच्या काय अपेक्षा आहेत, ती चाळीस पानी. समन्वयक सरांनी दुसरी मोठ्याने वाचून दाखवली. सरांचं विज्ञानावर निस्सीम प्रेम. इतकं, की ते त्याला हात लावत नसत.

वर्षभरात विद्वानांनी जे केलं ते थोडकं नव्हतं. देणगीदारांना आभाराची पत्रं (प्रत्येकी नऊ, मजकूर एकच, अक्षर सुवाच्य). 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर सतरा व्याख्यानं, त्यांपैकी दोनांत वक्ते आले. निळं पाणी भरलेल्या काचेच्या भांड्याकडे विस्मयाने पाहतानाचे फोटो. पाणी दौतीतल्या शाईचं आणि पांढरा कोट बारा जणांत मिळून एक, त्यामुळे बाराही विद्वानांच्या खिशावर डाग एकाच जागी. शिवाय दर महिन्याला प्रगतिपत्रक, ज्यात 'या महिन्यात प्रगती का झाली?' हा सक्तीचा प्रश्न होता.

प्रयोगशाळेचं म्हणाल, तर ती अतिशय स्वच्छ होती. थोरली महिनाभर दारात घुटमळली, मग धीर करून आत शिरली.

"काका, एक थर्मामीटर मिळेल का? आठ दिवसांपुरता?"

प्रयोगशाळेचे सेवक काच पुसत होते. "अगं बाई, पाहणी समिती यायचीये. ती पाहून गेली की ने."

"कधी येणार आहे?"

"मी लागलो तेव्हापासून येतेच आहे." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खणातून एक थर्मामीटर काढला. "हा ने. हा कागदोपत्री फुटलाय."

तिने प्रयोग दुकानातच मांडला. एक घड्याळ दर्शनी भिंतीला, पत्र्याखाली, जिथे दुपारी उभं राहवत नाही. त्याचंच जुळं भावंड मागच्या गार खोलीत. रेडिओच्या ठोक्याला दोन्ही लावली. बाबा "नसते उद्योग" म्हणाले, पण दोन्हींना चावी त्यांनीच दिली आणि ती कॉलेजात असली की दुपारची नोंदही तेच करू लागले. सात दिवसांनी पत्र्याखालचं घड्याळ छत्तीस सेकंद मागे. पुन्हा सात दिवस. पुन्हा छत्तीस. थोरलीला इतका आनंद झाला की तिने घड्याळाची काच दोनदा पुसली.

इथे योजनेची एक पद्धत सांगायला हवी. वार्षिक अहवाल छापायला दोन महिने लागत, म्हणून निष्कर्ष आधी घेत आणि प्रयोग मागाहून करत. (याने प्रयोग भरकटत नाही.) बाराही निष्कर्ष सर स्वतः लिहीत. थोरलीचा असा होता: 'उष्णतेने घड्याळ पुढे जाते, हे विद्यार्थिनीने सिद्ध केले.'

"सर, मागे पडतं."

"हे बघ बाळ, आपल्या अहवालात काही मागे पडलं, असं कसं छापणार? देणगीदार वाचतात."

"पण मी मोजलंय. छत्तीस सेकंद."

"छत्तीस सेकंद इकडे काय नि तिकडे काय! एका ओळीचा तर प्रश्न. समारंभात वाच, खाली सही कर, दुसरं वर्ष पक्कं."

समारंभाला बाबा आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा भरदिवसा दुकानाला कुलूप लागलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते तिसऱ्या रांगेत बसले. थोरली भयंकर घाबरली होती. तिला दुसरं वर्ष हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. तिने अहवाल उघडला, 'उष्णतेने घड्याळ' इथपर्यंत वाचलं, आणि बाबांकडे तिची नजर गेली. दुपारच्या नोंदी त्यांच्या अक्षरात होत्या.

"...मागे पडतं," ती म्हणाली. "छत्तीस सेकंद. दोनदा मोजलं. छापलंय ते चूक आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रमपत्रिकेत त्या जागी टाळ्याच होत्या. सरांनी घाम पुसत विचारलं, "कुणाला काही शंका?" एका पालकांनी हात वर केला. "रक्कम एकदम मिळते की हप्त्याने?"

आठवड्याने पत्र आलं. 'वाचन व छापील मजकूर यांत तफावत आढळल्याने नूतनीकरण विचाराधीन आहे.' विचाराधीन म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केलाय त्याला सांगायला नको. आत्या फोनवर म्हणाली, "अगं, एक शब्द वाचायला काय जात होतं तुझं?" थोरलीने फोन ठेवला. ती दुकानात येऊन रिकाम्या स्टुलावर बसली.

बाबांनी ते पत्र भिंगाखाली धरून वाचलं. मग भिंग काढलं. गिऱ्हाईक समोर असताना ते कधी भिंग काढत नसत, आणि समोर तर गिऱ्हाईक उभं होतं.

"बरं, ते राहू दे," ते म्हणाले. "का पडतं गं मागे?"

थोरलीला रडू आलं. मग तिने डोळे पुसले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, पाठ उघडली आणि सांगायला लागली. पाऊण तास लागला. गिऱ्हाईक ऐकत थांबलं.

"म्हणजे," शेवटी बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी उगाच गिऱ्हाइकाला नावं ठेवली."

पुढल्या वर्षीचे अर्ज निघालेत. शिष्यवृत्तीची रक्कम या कथेत कुठेच दिलेली नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या केव्हाच लक्षात आलं असेल. उन्हाळ्यात घड्याळ मागे का पडतं, हेही दिलेलं नाही. त्याबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही.