चार भाषांत चालणारं नाव

लोकांना बाळाचं नाव सुचत नाही म्हटलं की मला हसू यायचं. त्यात काय एवढं? जरा डोकं लावायचं, झालं!

आता आमचंच घर घ्या. मी दत्तोजीराव. पूर्वज तलवार घेऊन म्हैसूरला आले. पुढे तलवार कुठे गेली देव जाणे, घरात मराठी तेवढी उरली, तीही अर्धी कन्नड! बायको वनजा, वायनाडची मल्याळी. लग्नाला तिच्या वडिलांचा, अच्छनचा, कडाडून विरोध. तेव्हापासून त्यांनी आमच्या चामराजपुरमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. नात झाली आणि फोनवरचा त्यांचा आवाज जरा मऊ झाला. बारशाला ते आले की सगळं मिटलं, अशी वनजाची आशा.

पण नाव? आई भवानीवर अडून बसलेली. अच्छनना हवी कल्याणिक्कुट्टी. ते म्हणताना आईची कवळी सुटून बाहेर यायची!

"कुणी भांडू नका," मी जाहीर केलं. "मराठी, कन्नड, मल्याळम... अगदी तमिळमध्येसुद्धा चालेल असं नाव मी शोधतो. बारशापर्यंत घरात मात्र कुणी विचारायचं नाही!"

आणि शोधलं. इला! इला म्हणजे पृथ्वी. छोटं, गोड, कुणाचीही बाजू न घेणारं. मी स्वतःवरच खूश झालो.

घरात गुप्तता होती, पण बाहेर कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोट फुगत होतं. समोरच्या वेदवतीबाई दारात भेटल्या.

"हेसरू एनु?" त्यांनी कन्नडमध्ये नाव विचारलं.

"इला!"

"अय्यो पाप!" त्या कळवळल्या. "एवढे दिवस झाले आणि अजून नाही?" आणि त्यांनी मला गौरीपासून गिरिजेपर्यंत नावं ऐकवली. बाईंना कमी ऐकू येतं, असं मी ठरवून टाकलं.

मग पोस्टातून अच्छनना ट्रंक कॉल लावला. लाइनवर अशी खरखर, की जणू कुणी तिकडे पापड भाजतंय!

"मुलीचं नाव ठरलं का?" त्यांनी त्यांच्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं.

"इला!" मी अभिमानानं ओरडलो.

"त्यात आमच्याकडचं काही आहे का?"

"इला! इला!" त्यांना नाव नीट ऐकू गेलं नसावं, असं मला वाटलं.

मग खरखरीतून आणखी काहीतरी आलं. एक अक्षर कळलं नाही. नावच विचारत असणार!

"इलाऽऽ!" मी इतक्या जोरात ओरडलो, की रांगेतली माणसं दचकली. फोन कट झाला.

बारशाच्या आदल्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या पेंटरकडे गेलो. पाळण्यामागे लावायचा बोर्ड त्याला सांगितला होता. वेलबुट्टी, मोर, मधोमध 'नामकरण', आणि नावाच्या जागी... कोरं!

"नाव कुठंय?" मी भडकलो.

"तुम्हीच सांगितलं ना सार? मी विचारलं, नाव काय लिहू? तुम्ही म्हणालात, इल्ला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इल्ला! म्हणजे नाही! जन्मापासून रोज उठता-बसता इल्ला म्हणणारा मी, पण नाव मराठीत शोधलं आणि मराठीच कानांनी ऐकत राहिलो. कन्नडमध्ये नाही, मल्याळममध्ये नाही, तमिळमध्येही जवळजवळ नाहीच!

घरी येऊन वनजाला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"अहो, अच्छननी शेवटी काय विचारलं माहितेय? थोरल्या बहिणीचं, चेचीचं, आजच पत्र आलंय. 'आम्हाला आमंत्रण आहे का?' असं विचारलं त्यांनी! आणि तुम्ही नाही म्हणून ओरडलात?"

ती रडायला लागली. आई म्हणाली, "दत्तू, तुझ्यापेक्षा तो पेंटर शहाणा रे!" मी पुन्हा पोस्टात धावलो, तर अच्छनच्या गावाची, मानंतवाडीची, लाइन बंद. त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. एवढ्या वर्षांनी उघडू लागलेलं दार मीच धाडकन लावलं होतं.

बारशाच्या सकाळी पाळणा सजला, पण वनजाचं लक्ष रस्त्याकडे. आणि फाटक वाजलं! कमरेला लुंगीसारखं पांढरं मुंडू, काखेत छत्री, हातात केळ्यांचा घड. अच्छन!

मी पाया पडायला धावलो. "अच्छन, तो फोन... इला म्हणजे..."

"तू नाही म्हणालास," ते गरजले. "पण नात माझी आहे. तू कोण नाही म्हणणारा? मी आलो!"

वनजा रडत हसत त्यांच्या गळ्यात पडली. सगळा गोंधळ तिनं त्यांना समजावला, तसे ते पोट धरून इतके हसले, की बाळ जागं झालं. त्यांनी ते अलगद उचललं.

"बसमधून येताना आमची कबनी नदी सारखी भेटत होती," ते म्हणाले. "आमच्या डोंगरातून निघते आणि इकडे तुमच्याकडे येते. पोरीसारखी."

"कबिनी?" आईचे डोळे चमकले. "ती तर आमच्या नंजनगुडची कपिला! दर सोमवारी मी तिच्यातच बुडी मारायची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाळाकडे. मला कुणी विचारलंच नाही!

"कपिला," आई बाळाच्या कानात म्हणाली. "कपिला," अच्छन दुसऱ्या कानात म्हणाले. वनजानं डोळे पुसले. मी पेंटरकडे पळालो, तेवढंच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. पुण्याहून नुकतेच बदली होऊन आलेले जोगळेकर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "कपिला? अरे वा! आमच्या आजोळी गोठ्यात होती एक. काय दूध द्यायची हो!"

घरी मी अजून हे कुणाला सांगितलेलं नाही.