क्वीनी, मेजर, बटन आणि एक स्वेटर

हेट्टी बहिणीकडून परत आली तेव्हा तिच्या पिशवीत बटाटे असतील असं सेपला वाटलं होतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून कुत्र्याच्या पिल्लाने डोकं बाहेर काढलं.

"हे काय?" सेपने विचारलं.

"कुत्रं."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"घरात तुझी दोन आहेत, आता माझं एक. याचं नाव बटन."

सेपची दोन म्हणजे पांढरी क्वीनी आणि मेजर, त्याचे फेरेट. फेरेट हे मुंगसाच्या आतेभावासारखं दिसणारं लांबुडकं जनावर, डोळ्यांनी अधू, नाकाने तल्लख आणि स्वभावाने फौजदार. इंग्लंडच्या उत्तरेला आमचं हार्टरिग हे खाणकामगारांचं गाव, आणि ज्याच्याकडे फेरेट नाही त्याला आमच्याकडे अजूनही पाहुणा समजतात. सशाच्या बिळात फेरेट सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाशी जाळं लावून बसायचं, हा इथल्या पुरुषांचा रविवार. खाणीतून निवृत्त झाल्यावर सेपला आयुष्यात दोनच सुखं उरली होती: बिळाच्या तोंडाशी ओल्या गवतात पालथं पडणं, आणि स्वयंपाकघरात चहा पिताना कोटाच्या बाहीतून क्वीनीला फिरू देणं.

त्या वेळीही क्वीनी बाहीतच होती. पाहुणा कोण आलाय ते बघायला ती मनगटाशी बाहेर आली. बटनला वाटलं, वा, आल्या आल्या खेळणं! ते झेपावलं. क्वीनीला खेळणं होण्याची सवय नव्हती. तिने शांतपणे त्याचं नाक दातांत धरलं आणि सोडायचं नाव घेईना. बटनने जो टाहो फोडला त्याने पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडाली. सेप क्वीनीच्या मानेला धरून ओढतोय, हेट्टी बटनला ओढतेय आणि मधे ते नाक लांब होतंय, असा प्रकार बराच वेळ चालला.

नाक सुटल्यावर हेट्टीने बटनला उराशी धरलं आणि निकाल दिला.

"सेप, रविवारी चॅपेलात पाद्रीसाहेबांचा निरोपाचा चहा आहे. तोवर या तिघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर तुझी ही दोन्ही भुतं कथबर्टकडे. चहाच्याच वेळी घेऊन जा म्हणावं त्याला."

"अगं, पण कथबर्ट..."

"कथबर्ट कधीचा डोळा ठेवून आहे त्यांच्यावर. सुखात ठेवील."

हेच तर सेपला नको होतं. कथबर्ट क्वीनीला सुखात ठेवील आणि क्वीनी सेपला विसरेल, या विचाराने त्याला चहा गोड लागेना. आणि दुसरीही भीती होती. बटन आज पिल्लू असलं तरी पाय व्हिपेटचे, म्हणजे सशामागे सुसाट धावणाऱ्या शिकारी कुत्र्याचे होते. मोठं झाल्यावर बिळातून बाहेर आलेली क्वीनी त्याला ससा वाटली, तर एका झटक्यात खेळ खलास.

अशा वेळी आमच्याकडे माणूस भाजीच्या वाफ्यांवर जातो. खाणीच्या मागे प्रत्येकाचा एकेक तुकडा आहे, त्यात पातीच्या कांद्यासारखे जाडजूड लीक आणि कोबी, आणि कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये सल्ला फुकट मिळतो. नेमका त्या दिवशी तिथे शेजारच्या वाफ्यावरचा कथबर्टच एकटा होता.

"काय लेका, कधी आणून सोडतोस?" कथबर्ट म्हणाला. बातमी सेपच्या आधी पोचली होती.

"नाही सोडणार. मी त्यांचं जमवणार आहे."

"जमव की. सोपं आहे." कथबर्टने पाइप झटकला. "फेरेटचा सगळा कारभार नाकावर. ज्याला आपल्यासारखा वास, तो आपल्या घरचा. एक चिंधी घे, लोकरीची घे, लोकर वास धरते. एक रात्र फेरेटांच्या खुराड्यात टाक, एक रात्र पिल्लाच्या टोपलीत, परत खुराड्यात. शेवटी तिघांनाही कळत नाही कोण कुणाचं. भेट घालताना मात्र फेरेटांची पोटं भरलेली हवीत आणि पिल्लू दमलेलं हवं. मधे जाळी ठेव आधी. घाई केलीस तर नाक नाहीतर जीव, एक काहीतरी जाणार."

"तू मला का सांगतोयस हे?"

"माझं कधी ऐकलंयस का आजवर?" कथबर्ट म्हणाला. "म्हणूनच सांगितलं."

सेपने ऐकलं. घरी येऊन तो लोकरीची चिंधी शोधायला लागला.

आता हेट्टीच्या विणकामाबद्दल सांगायला हवं, आणि ते जपून सांगायला हवं, कारण ती अजून आमच्या शेजारी राहते. हेट्टी फार मनापासून विणते. तिचे मोजे पायात जात नाहीत आणि टोप्या डोक्यावरून थेट खांद्यावर उतरतात, पण तिच्या कष्टांत खोट नाही. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात सेपने तिच्या विणकामाकडे एकदा निरखून पाहिलं होतं. "आवडला? घे, तुलाच," असं म्हणून तिने तो स्वेटर त्याच्या गळ्यात घातला, आणि त्याने तो फेरफटक्यात कुंपणाला अडकवून मुद्दाम उसवला. तेव्हापासून हेट्टी विणायला बसली की सेप छताकडे बघत असे.

त्यामुळे पाद्री फेदरस्टन यांना निरोपाची भेट म्हणून चॅपेलच्या बायकांनी या खेपेला हेट्टीला स्वेटर विणायला सांगितला होता, तो शिशिरभर सेपच्या डोळ्यांसमोर विणला जात होता, आणि तरीही त्याने तो पाहिला नव्हता.

बटन आल्या दिवसापासून दिसेल त्या लोकरीत दात घालू लागलं. हेट्टीने नुकताच पुरा झालेला स्वेटर लपवायला जागा शोधली. कपाटाचं दार लागत नव्हतं. पलंगाखाली बटन जात होतं. शेवटी सिंकखालच्या चिंध्यांच्या पिशवीत, सगळ्यात खाली, तिने तो घडी करून ठेवला. तिथे कोण बघणार?

सेपने तिथेच बघितलं. हाताला मऊ, ओटच्या खिरीच्या रंगाचं, कुठे घट्ट कुठे सैल असं काहीतरी लागलं. मधेच एक गडद डाग होता. "अगदी झकास चिंधी," तो स्वतःशी म्हणाला आणि खुराड्यात टाकून आला.

क्वीनी आणि मेजर त्यात शिरले ते सकाळपर्यंत दिसलेच नाहीत. मेजरने कोपराशी स्वतःपुरतं एक दारही पाडून घेतलं. दुसऱ्या रात्री सेपने ती चिंधी बटनच्या घोंगडीखाली सरकवली. आल्यापासून रात्रभर कुईकुई करणारं बटन त्यात नाक खुपसून असं झोपलं की हेट्टीने दोनदा उठून त्याचा श्वास तपासला. सेपने जाळीच्या अल्याड-पल्याड भेटीही घडवल्या. आधी बटन भुंकलं आणि क्वीनी फुसफुसली. मग बटन नुसतं बसलं. मग दोघांनी जाळीतून एकमेकांचं नाक हुंगलं. पण जाळी काढायचं धाडस सेपला काही होईना. आज काढू, उद्या काढू, करता करता शनिवार उजाडला.

शनिवारी संध्याकाळी सेपने एक गोष्ट केली, जी त्याने संसारात आधी कधीच केली नव्हती. घेतलेली वस्तू त्याने जागेवर परत ठेवली. एरवी हेट्टी ओरडून ओरडून थकायची, हातोडी अंगणात, कात्री कोबीत, चष्मा खुराड्यात. त्या दिवशी चिंधी कुठेतरी भिरकावून दिली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण घरात शिस्तीने वागलं तर हेट्टीचं मन वळेल असं त्याला वाटलं. त्याने चिंधीची घडी केली आणि सिंकखालच्या पिशवीत, सगळ्यात खाली ठेवली.

रविवारी हेट्टीला चहाबरोबरचे छोटे पाव, स्कोन, भाजायचे होते, केस कुरळे करायचे होते आणि बटनला पट्टा घालायचा होता. तिने घाईघाईने स्वेटर काढला, झटकला आणि पातळ कागदात गुंडाळून रिबीन बांधली. वास तिला आला नाही. इतकी वर्षं फेरेटांच्या घरात काढल्यावर नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. कोपराचं भोक तिला दिसलं, पण आपलाच टाका सुटला असेल, असं म्हणून तिने ते आतल्या बाजूला वळवलं.

चॅपेलच्या सभागृहात गाव लोटलं होतं. लांब टेबलांवर हॅमचे सँडविच, केक आणि चहाच्या किटल्या. दाराशी कथबर्ट उभा होता, बगलेत भोकं पाडलेली लाकडी पेटी. सेपच्या कोटाच्या आतल्या खिशांत उजवीकडे क्वीनी, डावीकडे मेजर. घरून निघताना त्याने दोघांना पोटभर खाऊ घातलं होतं. निरोपाचं जेवण म्हणूनच, दुसरं काय.

"काय रे, जमलं का त्यांचं?" कथबर्टने विचारलं.

"जाळीतून जमलंय."

"जाळीतून माझं माझ्या सासूशीसुद्धा जमतं. पेटीत ठेव."

"चहा तर होऊ दे," सेप म्हणाला.

तेवढ्यात बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्री फेदरस्टन पुढे आले. अंगाने काडी, स्वभावाने लोणी. त्यांनी रिबीन सोडली, कागद उलगडला, आणि सेपच्या हातातला स्कोन तोंडाच्या वाटेवरच थांबला. ती चिंधी होती. तोच रंग, तोच डाग.

"वा! किती... केवढा आहे!" पाद्रीसाहेब म्हणाले. "आत्ताच घालतो."

"नका घालू!" सेप ओरडला. सगळे त्याच्याकडे वळले. "म्हणजे... उकडेल तुम्हाला."

खिडकीबाहेर गारा पडत होत्या. हेट्टीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

पाद्रीसाहेबांनी स्वेटर घातला. तो गुडघ्यांपर्यंत आला. त्यांनी आभाराचं बोलायला तोंड उघडलं, नाकाने थोडा श्वास घेतला आणि ते किंचित थांबले. मग वास पेटीवाल्याचाच असणार असं समजून त्यांनी कथबर्टकडे दयेने पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

हेट्टीच्या पायाशी झोपलेल्या बटनची मान वर झाली. सबंध सभागृहात त्याच्या टोपलीचा वास सुटला होता. त्याने पट्ट्याला एक हिसडा दिला आणि पाद्रीसाहेबांच्या पायांवरून चढून ते स्वेटरच्या आत नाहीसं झालं.

"अगं बाई!" हेट्टी किंचाळली.

इकडे सेपचा उजवा खिसा हलला. मग डावा. त्याने दोन्ही हात छातीशी दाबले, पण फेरेटला दाबून कुणी थांबवलंय? क्वीनी कॉलरमधून निघाली, मेजर बाहीतून. दोघं टेबलावर उतरली आणि सँडविचच्या ताटांमधून रस्ता काढत, हॅमकडे ढुंकूनही न बघता, थेट निघाली. मेजरला कोपराचं दार पाठ होतं. तो आत गेला. त्याच्या शेपटीमागून क्वीनी गेली.

आता आत तिघं होती, आणि जाळी नव्हती.

सेप धावत पुढे झाला. एक चावा, एक झटका, आणि क्वीनी गेली. नाहीतर बटनचा डोळा गेला. चूक कुणाचीही असो, निस्तरायला आत हातही घालता येत नव्हता.

"हलू नका, पाद्रीसाहेब!"

"मी हलत नाहीये," पाद्री डोळे मिटून म्हणाले. "मी प्रार्थना करतोय."

स्वेटरमध्ये एक फुगवटा पाठीकडून पोटाकडे आला. दुसरा छातीवरून खाली उतरला. दोन्ही फुगवटे पोटाशी भेटले. कुणीतरी किटली खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला. फुगवटे थोडे ढकलाढकली करत राहिले, मग त्यांचा एकच मोठा फुगवटा झाला. आणि मग आतून बारीक, सुखाचं घोरणं ऐकू आलं.

पाद्रीसाहेबांनी गळ्यापाशी स्वेटर ताणून हळूच आत पाहिलं.

"झोपलेत," ते कुजबुजले. "पिल्लू खाली. पांढरी त्याच्या अंगावर. तिसऱ्याचं डोकं पिल्लाच्या कानावर आहे."

सेपला रडू आलं. खाणीत छत कोसळलं तेव्हा जो रडला नव्हता, तो सगळ्या चॅपेलसमोर केकच्या रुमालात नाक शिंकरत होता. कथबर्टने पेटीकडे पाहिलं आणि ती टेबलाखाली सारली.

"माझंच ऐकलं ना गाढवानं," तो पुटपुटला.

हेट्टीला मात्र हळूहळू उलगडा होत होता.

"सेप, चिंध्यांच्या पिशवीतून काय घेतलंस तू?"

"चिंधी," सेप म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. हेट्टी हसली नाही. ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. शिशिरभराचं काम होतं ते, आणि तिला खरोखर लागलं होतं. सेपला फेरेट वाचल्याचा आनंद त्या क्षणी पुरेना. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

पाद्रीसाहेबच बोलले. "हेट्टीबाई, पुढच्या बाकावरच्यांचं आणि मागच्या बाकावरच्यांचं जमावं म्हणून मी या गावात केस पांढरे केले. नाही जमलं. तुमच्या स्वेटरनं या तिघांचं चहा निवायच्या आत जमवलं." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण माझी बस आहे. आणि यांचा संसार मोडून मी हा नेऊ कसा?"

तिघांपैकी कुणीही बाहेर यायला तयार नव्हतं. शेवटी सेप पाद्रीसाहेबांच्या पोटाला पोट लावून उभा राहिला, दोघांनी हात वर केले, आणि चॅपेलच्या बायकांनी झोपलेल्या मंडळींसकट स्वेटर पाद्रीच्या अंगावरून सेपच्या अंगावर ओढला. पाद्रीसाहेब बसकडे जवळजवळ पळतच गेले.

"दुसरा विणून पाठवते हं पोस्टानं!" हेट्टीने दारातून हाक दिली. पाद्री आणखी जोरात पळाले.

घरी येऊन सेप खुर्चीत बसला. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर आजच त्याने हेट्टीच्या विणकामाकडे मान खाली घालून नीट पाहिलं. ज्याला तो डाग समजला होता त्याला खिडक्या होत्या, आणि एक दार होतं.

"हेट्टी, हे आपलं चॅपेल आहे का गं?"

"मग काय वाटलं तुला?"

"चॅपेलच वाटलं," सेप म्हणाला.

हेट्टीने त्याच्या कोपराचं भोक बोटाने चाचपलं. "काढ तो. धुऊन देते, आणि कोपर पण शिवते."

"शू!" सेपने स्वेटर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आत्ताच कूस बदललीय त्यांनी. काढायचा नाही आता."

सेप हे वाक्य कधीतरी म्हणेल म्हणून हेट्टीने किती हिवाळे वाट पाहिली होती, ते तिलाच ठाऊक. तिने सुया काढल्या, लोकरीचा नवा गुंडा घेतला आणि सेपच्या खांद्यांचं माप नजरेनेच घेतलं.

"बरं, हा हिवाळ्याला झाला," ती म्हणाली. "उन्हाळ्यासाठी अर्ध्या बाह्यांचा घालते विणायला."