फिटरसाहेबांची उपाशी बॅटरी

बॅटरी पूर्ण उपाशी झाल्याशिवाय तिला चार्जरवर चढवायची नाही, हा फिटरसाहेबांचा कायदा होता. उभी हयात त्यांनी कारखान्यात फिटर म्हणून काढली होती आणि निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना बिनवायरचं ड्रिल भेट दिलं होतं. तेव्हापासून ते ड्रिल बायकोच्या ठेवणीतल्या कपड्यांच्या कप्प्यात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून नांदत होतं. अशा बॅटऱ्या तीन-चार वर्षांत मान टाकतात असं दुकानदार सांगायचे. साहेबांची बॅटरी मात्र कधीची त्यापुढे निघून गेली होती आणि हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं.

काम झाल्यावर बॅटरीत थोडा जीव उरला, तर साहेब गच्चीवर जाऊन ड्रिल हवेत फिरवत उभे राहायचे. बॅटरीवरचा शेवटचा बारका दिवा विझला की समाधानाने खाली यायचे.

"बाबा, ही जुन्या बॅटऱ्यांची पद्धत झाली," लेकीने एकदा सांगून पाहिलं. ती दातांची डॉक्टर होती. "हिला इतकं दमवायचं नसतं. थोडी शिल्लक असतानाच चार्जिंगला लावायची. दवाखान्यातली माझी मशिनं मी तशीच सांभाळते."

"तू दातांचं बघ," साहेब म्हणाले. "लोखंडाचं मी बघतो."

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा साहेबांनी चारचौघांत जाहीर केलं होतं की तिच्या स्वयंपाकघरातला एकूण एक स्क्रू ते स्वतःच्या हाताने बसवणार. व्याह्यांनी ते नीट ऐकून ठेवलं होतं. व्याह्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि ज्याला वायर नाही त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे नव्या घरात भिंतीवरची दोन कपाटं बसवायच्या दिवशी ते आपलं वायरवालं ड्रिल काखोटीला मारून हजर झाले.

"राहू द्या ते," साहेब म्हणाले. "वासराला दावं बांधल्यासारखं दिसतंय."

"असू द्या. वेळेला लागेल."

"इथे वेळ येत नसते व्याहीबुवा. ही बॅटरी माझी आहे."

आदल्या रात्री बॅटरीचा एक दिवा शिल्लक होता. म्हणजे कायद्याने ती चार्ज करता येत नव्हती, आणि शेजारी कोणी आजारी असल्यामुळे गच्चीवर जाऊन घरघर करणंही बरं दिसलं नसतं. एवढ्याशा कामाला एक दिवा रग्गड, असा हिशेब करून साहेब निघाले होते. साधा स्क्रू ड्रायव्हरही त्यांनी सोबत घेतला नव्हता. घेतला असता तर तो बॅटरीचा अपमान झाला असता.

भोकं झकास पडली. साहेबांनी त्यांत प्लास्टिकचे प्लग ठोकले. मग जावई आणि व्याही यांनी दोन बाजूंनी पहिलं कपाट उचलून भिंतीला टेकवलं. साहेबांनी कोपऱ्यातला स्क्रू लावला, घोडा दाबला आणि अभिमानाने व्याह्यांकडे पाहिलं. तेवढ्यात ड्रिलने घुर्र केलं, मग घु केलं, आणि मग काहीच केलं नाही. स्क्रू अर्धा आत, अर्धा बाहेर.

"काय झालं?" व्याह्यांनी कपाटाआडून विचारलं.

"विश्रांती घेतेय."

"आणि आम्ही?"

"तुम्ही धरा. खाली घेतलंत तर स्क्रू प्लास्टरसकट हातात येईल."

"माझं ड्रिल घ्या की मग!"

लेकीच्या घरातला पहिलाच स्क्रू व्याह्यांच्या ड्रिलने बसायचा? त्यापेक्षा कपाट जन्मभर हातांवर धरलेलं परवडलं. पण देवाची कृपा म्हणा की मिस्त्रीची, स्वयंपाकघरातला एकुलता एक प्लगपॉइंट नेमका त्याच कपाटामागे होता. हॉलमधल्या पॉइंटपासून व्याह्यांची वायर दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

"बघा, दावं कमी पडलं," साहेब खुलले. "थांबा, बॅटरी लावून येतो. तास काय, असा जाईल."

"तास?" जावई दुसऱ्या बाजूने ओरडला. "बाबा, माझी बोटं आत्ताच बधिर झालीयेत."

"तुझ्या पप्पांकडे बघ. वय असून कसे उभे आहेत."

त्यावर व्याह्यांना उभं राहणं भागच पडलं.

हॉलमध्ये साहेबांनी चार्जर लावला, तर हिरव्याऐवजी लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी तापली होती, आणि तापलेली बॅटरी तो चार्जर घेईना. साहेबांनी तिला आधी वर्तमानपत्राने वारा घातला. मग फुंकर मारली. शेवटी हॉलमधल्याच फ्रिजचं दार उघडून तिला टोमॅटोंच्या शेजारी निजवलं आणि ते तिथेच खुर्ची टाकून बसले.

"लागली का?" आतून व्याह्यांचा आवाज आला.

"थंड होतेय!"

"आम्हीही थंड होत आलोय!"

दवाखान्यातून लेक आली ती याच वेळी. पाणी घ्यायला तिने फ्रिज उघडला.

"बाबा, टोमॅटोंच्यात बॅटरी काय करतेय?"

"तापलीय जराशी."

"आणि आत कोण कण्हतंय?"

"तुझे सासरे. काही विशेष नाही."

लेक आत गेली. नवरा घामाने निथळत होता आणि सासरे डोळे मिटून कपाटाला कवटाळून उभे होते. तिने जेवणाचं टेबल ओढून कपाटाखाली आणलं. त्यावर पिठाचे दोन डबे आणि डब्यांवर दातांच्या शास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं रचली.

"सोडा आता."

दोघांनी भीत भीत हात काढले. कपाट जागचं हललं नाही. टेबल सगळा वेळ हाताच्या अंतरावर होतं.

मग तिने खण उघडून लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. तोवर खुर्ची दारात ओढून बसलेल्या साहेबांनी तो लगेच ओळखला. शिकायला परगावी निघालेल्या पोरीच्या बॅगेत त्यांनीच तो घातला होता आणि नंतर साफ विसरून गेले होते. मूठ इतकी वर्षं हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. लेक स्टुलावर चढली, स्क्रूवर टोक टेकवलं आणि मनगटाच्या शांत पिळाने एकेक स्क्रू बसवत गेली. शेवटचा पीळ देताना ती जीभ ओठांत धरायची, लहानपणी साहेबांच्या शेजारी बसून धरायची तशीच. साहेबांचा ऊर भरून आला. कारखान्यात इतकी माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली, पण असा हात एकाचाही नव्हता.

"वा! आमच्या सूनबाईंचा हात बघा!" व्याही दंड चोळत म्हणाले.

"सूनबाई कालच्या," साहेब ताडकन उठले. "मुलगी आधीची. वॉरंटी आमच्याकडची आहे!"

"नांदतेय आमच्याकडे!"

"घडलीय आमच्याकडे!"

"दोघांचं झालं असेल तर दुसरं कपाट उचला," स्टुलावरून लेक म्हणाली.

दोघांनी निमूट उचललं. कोण जास्त उंच धरतो याची चुरस लागल्यामुळे ते जरा तिरकं बसलं.

जाता जाता साहेबांनी फ्रिजमधून बॅटरी काढली आणि सवयीने ड्रिलला जोडली. घुर्र! एक दिवा लागला.

"गेली असं वाटलं ना तुम्हाला?" साहेब ओरडले. "विश्रांती घेतेय म्हटलं नव्हतं मी?"

सवयीने त्यांची पावलं बाल्कनीकडे वळली. उरलेला जीव संपवायचा होता ना! उंबऱ्यावर ते थबकले. मागे वळून त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती.

साहेबांनी घसा खाकरला, बॅटरी काढली आणि तो दिवा जळत असतानाच ती चार्जरवर ठेवली. हिरवा दिवा लागला.

"व्याहीबुवा, एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "बॅटरीला कधी पुरती दमवायची नाही. थोडी शिल्लक असतानाच लावायची. म्हणून तर इतकी वर्षं टिकते."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात?" साहेबांनी मान ताठ केली. "पहिल्यापासून आमच्या घरची पद्धतच आहे ती."