डब्यांच्या झाकणांवरची अक्षरे

आमच्या इमारतीतले अण्णा कोणाकडेही गेले, की घंटा वाजवण्यापूर्वी खिशातून भिंग काढून दारावरची पाटी तपासतात. दार उघडणाऱ्याला नमस्कार नंतर, आधी निकाल. तिसऱ्या मजल्यावरच्या बापटांना त्यांनी पहिल्याच भेटीत सुनावले, "तुमचा 'ब' गुदमरलाय बघा." पुण्याहून नुकत्याच आलेल्या बापटांनी ते मनाला लावून घेतले. तेव्हापासून अण्णांविषयी ते जे सांगत सुटले आहेत, त्यातले निम्मे खोटे आणि उरलेले अर्धवट आहे. म्हणून मला लिहिणे भाग पडले.

अण्णा बेळगावकडचे. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात संगणकावर चालणारे, कोरीवकामाचे एक लहानसे सीएनसी यंत्र बसवले. पितळेवर, स्टीलवर ते नावे कोरून देतात. बापट म्हणतात, अण्णा गिऱ्हाइकांना हाकलतात. साफ चूक. अण्णा शिकवतात, गिऱ्हाईक आपण होऊन पळते.

मुलाच्या मुंजीत वाटायच्या फुलपात्रांवर बापटांनी नक्षीदार अक्षरे मागितली, तेव्हा मी तेथेच बसलो होतो.

"स्वल्प ऐका की," अण्णा म्हणाले. "अक्षर तांदळाएवढं, आणि फाँट हा शेपट्या फुटलेला! बारीक रेघ दिसायची नाही, जाड रेघ अक्षराचं पोट बुजवणार."

"मग बारीक बिट लावा ना!"

"लावतो की. सुईसारखं टोक लावतो. स्टीलवर मोडलं की तुम्ही येणार काय धरायला? एकेरी रेघेचा साधा फाँट घ्या. टोक एकदाच जातं, अक्षर सुखानं बसतं."

बापटांनी कुरकुरत साधा फाँट घेतला. फुलपात्रांवरचे नाव आजही स्वच्छ वाचता येते, हे मात्र ते कोणाला सांगत नाहीत.

पुढे त्यांनी नवी कथा पसरवली : अण्णांची नजर गेली. पुरावा काय, तर अण्णांच्या स्वयंपाकघरातले डबे. पूर्वी झाकणांवर नाजूक अक्षरे होती. आता 'हळद' म्हणजे रस्त्यावरची पाटी!

"हे तुम्ही ऐकून कसे घेता?" मी अण्णांना संतापून विचारले.

"म्हणू दे की. वय झालं."

आपल्या कामावर शब्द येऊ न देणारा हा मनुष्य, आणि त्याने इतके सहज मान्य करावे? त्याच सकाळी माझ्या घड्याळाच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांनी भिंगाशिवाय दाखवला होता.

नजर जात होती ती अक्कांची, त्यांच्या पत्नीची. गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितले होते. घरात त्यावर पुन्हा कोणी बोलले नाही. के. आर. पुरमला राहणाऱ्या मुलाला कळते, तर त्याने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकीण आणली असती आणि अक्कांचे स्वयंपाकघर त्यांच्या हातून गेले असते. म्हणून अण्णा गुपचूप झाकणे बदलत होते; दर खेपेस अक्षर थोडे मोठे. आता मुलाला सारे ठाऊक आहे. आईच्या हातची आमटी दोनदा वाढून घेतो आणि गप्प बसतो. तेव्हा हे लिहायला हरकत नाही.

एका दुपारी अक्का माझ्यासाठी चहा करत होत्या.

"ह्यांना बारीक दिसत नाही, आप्पासाहेब, म्हणून एवढी मोठी अक्षरं. मला कशाला लागतात?"

बोलता बोलता त्यांचे बोट 'मीठ'च्या खाचेवरून फिरले, पुढच्या झाकणावर गेले, 'साखर'च्या 'स'पाशी थांबले. त्यांनी तो डबा उघडला. अण्णांनी ते पाहिले.

चहा संपताच ते मला घेऊन यंत्रापाशी गेले. अणकुचीदार बिट काढून त्यांनी गोल टोकाचा, चांगला जाड बिट लावला आणि पत्र्याच्या तुकड्यावर 'मीठ' कोरले. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले, आणि नकारार्थी मान हलवली.

"कड राहिली," ते म्हणाले. "तिच्या बोटाला लागेल."

आणि त्यांनी दुसरा तुकडा लावला.