सासूबाईंचा केक आणि अर्धा डोंगर

"अहो, तो केक जागेवर ठेवा! सणाला अजून आठवडा आहे," बायको ओरडली.

पण औषधांचे दुकानदार ऐकतील तर शपथ! कुतूहल हा त्यांचा जुनाच आजार, आणि त्यावर त्यांच्याच दुकानात औषध नव्हतं. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळात एकच जागा रिकामी होती. ती मिळते की नाही, हे उद्याच्या चढाईवर ठरणार होतं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर, भलते कडक.

"मनुका, अक्रोड, लोणी... शिवाय आपटला तरी फुटत नाही," केक हातात तोलत ते म्हणाले. "चढणाऱ्याला आणखी काय हवं? माणसात किती जोर भरतो, ते मला बघायचंच आहे."

"अहो, मुरावा म्हणून रोज चमचाभर रम पाजतात त्याला!"

"चमचाभर रमनं काय होतंय? खोकल्याच्या औषधाइतकीसुद्धा नाही."

सासूबाई आंघोळीला गेल्या आणि अख्खा केक पाठपिशवीत गेला.

पहिल्याच विसाव्याला त्यांनी सगळ्यांना जाडजाड तुकडे वाटले. स्वतः मात्र चाखला नाही. प्रयोग करणाऱ्यानं नुसतं बघायचं असतं म्हणे! बघतात तो काय, पोस्टमास्तरांचे गाल लाल झाले, दातांच्या डॉक्टरीणबाई गाणं म्हणू लागल्या आणि मंडळी चढावर अशी सुटली की यांना धापा टाकत मागे पळावं लागलं. स्वारी खूश झाली. गुण आला की हो केकचा!

पुढच्या वळणावर पोस्टमास्तर गर्रकन वळून उतरायला लागले.

"साहेब, वर तिकडे आहे!"

"वर काय आणि खाली काय, सगळा मनाचा खेळ!" असं म्हणून पोस्टमास्तर गवतावर आडवे झाले नि घोरू लागले. पाठोपाठ सगळं मंडळ आडवं.

दुकानदारांनी उरलेला तुकडा हुंगला आणि घरी फोन लावला. "अगं, केकला रम कोण पाजत होतं?"

"आई हल्ली विसरते, म्हणून रोज मीच गुपचूप घालत होते."

"अरे देवा! मला वाटलं, तुम्ही दोघीही विसरता. मी रोज झाकणभर ओतत होतो!"

मागून सासूबाई कडाडल्या, "विसरते कोण? मी सकाळ-संध्याकाळ घालत होते! आधी सांगा, केक कुठाय?"

दुकानदारांनी फोन बंद केला. जागा गेली, अब्रू गेली, आणि घरी सासूबाई होत्याच. त्यांना अगदी रडू फुटायचं बाकी राहिलं.

ऊन कलल्यावर पोस्टमास्तर उठून बसले. "वा! इतकी वर्षं चढलो, पण डोंगरावर असं सुख कधी लाभलं नव्हतं. केक कुणी केला हो?"

"सासूबाईंनी," दुकानदार पुटपुटले.

पोस्टमास्तरांनी मंडळाकडे पाहिलं. सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या.

"ठरलं तर. रिकामी जागा भरली!"

दुकानदारांनी आनंदानं त्यांचे दोन्ही हात धरले.

पुढच्या चढाईच्या सकाळी सासूबाई जावयाचे नवे बूट घालून दारात उभ्या होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "दुसरा केक फडताळात ठेवलाय. तुम्ही घरीच आहात, तर जरा लक्ष ठेवा हं."